"अजून दोन महिने लागतील, मॅडम"

"अर्धवट काम लोकांपुढं ठेवलं आणि नाव खराब झालं तर?" जळगावला समुपदेशनासाठी माझ्याकडं येणारी बरीच तरुण मुलं हा प्रश्न घेऊन येतात, सॉफ्टवेअर करणारी तर हमखास. त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

चोपडा तालुक्यातला मुलगा, वय २९. घरी केळीची बाग. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी आला होता आणि केळी उत्पादकांसाठी ॲप बनवत होता. झोप लागेना, जेवताना चिडचिड होई, म्हणून आईच त्याला घेऊन आली. ॲप कधी येणार, असं मी विचारलं.

"अजून दोन महिने लागतील, मॅडम."

आई हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली, दोनच महिने सांगतोय."

त्यानं लॅपटॉप उघडला. फोटोवरून पानांवरचा करपा रोग ओळखणं, ठिबकचं वेळापत्रक, हवामान, बाजारभाव. सगळं होत आलेलं, पूर्ण काहीच नाही. "यातलं तुमच्या वडिलांना काय लागतं?" मी विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग मोबाइलमध्ये वडिलांच्या डायरीच्या एका पानाचा फोटो दाखवला. केळीच्या चिकाचे तपकिरी डाग पडलेलं पान, त्यावर सहा रकाने: तारीख, वजन, भाव, व्यापारी, जमा, बाकी. 'बाकी'तल्या दोन आकड्यांभोवती लाल पेनानं गोल केलेला.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे प्रकार वेगळे करून दाखवले. आपणच आपल्याला घातलेली अट हा एक, आणि लोक आपल्याकडून निर्दोष कामच मागतात असं वाटत राहणं हा दुसरा. या मुलाचा हट्ट दुसऱ्या प्रकारचा होता. "पुण्याहून परत आला आणि हे केलं?" हे वाक्य गावात कुणी बोललं नव्हतं, पण त्याला ते रोज ऐकू येत होतं.

लिनक्स या संगणकप्रणालीची अगदी कच्ची ०.०१ आवृत्ती १९९१ला लोकांना मिळाली आणि १.० यायला १९९४ उजाडलं, हे त्यानंच मला सांगितलं. म्हणजे माहिती होती, हिंमत होत नव्हती. अशा माणसाला यशाची उदाहरणं ऐकवत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. भीती खरी ठरते का, हे त्यालाच तपासू द्यावं.

आम्ही एक कागद घेतला. डावीकडं काय होईल असं वाटतं आणि त्याची खात्री किती टक्के. उजवीकडं प्रत्यक्षात काय झालं. फक्त सहा रकान्यांचं ॲप, पाच शेतकरी, पंधरा दिवस. माझ्या अटी दोनच होत्या: बेरीज चुकता कामा नये आणि एकाची बाकी दुसऱ्याला दिसता कामा नये. त्यासाठी थांबावं लागलं तर जरूर थांबा, म्हटलं. लोकांच्या घामाच्या पैशाचा हिशेब आहे. तीन दिवस त्यानं नुसत्या बेरजा तपासल्या.

डावीकडं त्यानं लिहिलं होतं: "'एवढंच शे का?' म्हणतील. ९० टक्के." 'शे' म्हणजे आमच्याकडच्या बोलीत 'आहे'.

तिसऱ्या आठवड्यात तो एकटाच आला. पाचांपैकी एकानं ॲप उघडलंच नव्हतं. एकाला क्विंटलच्या आकड्यात दशांशाचा पॉइंट टाकता येत नव्हता. ते त्यानं त्याच रात्री दुरुस्त केलं. आणि वडिलांचे मित्र असलेल्या एका काकांनी खरोखरच विचारलं होतं, "एवढंच शे का?"

"पोटात गोळा आला, मॅडम. मग त्यांनी चष्मा लावला अन् म्हणाले, बाकी किती दिवसांची आहे ते कुठे दिसतं? दोन वर्षांत माझ्या डोक्यात हे आलंच नाही."

उजवीकडच्या रकान्यात त्यानं लिहिलं: "बाकीचे दिवस."

झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, त्यावर आमचं काम चालू आहे. करपा ओळखण्याचं काय झालं, असं मी मागच्या वेळी विचारलं.

"लॅपटॉपवरच आहे," तो म्हणाला. "अजून कुणी मागितलं नाही."