ओकच्या पिंपात मुरवलेली सेझाँ चाखताना काय काय तपासावं?

सेझाँ ही बेल्जियमच्या वालोनी भागातल्या शेतघरांची कोरडी, फसफसती एल, म्हणजे बिअरचा एक प्रकार. बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा, गाळ तळाशी बसतो. 10 ते 12 अंश सेल्सियसला ओता. फ्रिजमधल्या थंडीत वास दबतात आणि दोषही लपतात. ट्यूलिप ग्लास अर्धाच भरा.

आधी वास. मिरी-लवंगेची झाक सेझाँच्या यीस्टची. वाळलं गवत, चामडं, किंचित गोठा हे ब्रेटॅनोमायसिस या जंगली यीस्टचं काम, आणि माफक असेल तर तेच या बिअरचं वैभव. चिकटपट्टीसारखा औषधी वास पुढे आला तर मात्र गुण कापा.

आंबटपणा नीट वेगळा करा. ताकासारखा मऊ असेल तर लॅक्टिक आम्लाचा, तो चालतो. घशाला झोंबणारा, व्हिनेगरसारखा असेल तर पिंपात हवा शिरली आहे. सोबत नेलपॉलिश रिमूव्हरचा वास बहुधा असतोच.

इथे बरेच जण घाई करतात: पहिल्या घोटावर मत देऊ नका. गिळल्यावर अर्धा मिनिट थांबा. उंदराच्या पिंजऱ्याची आठवण करून देणारी चव उशिराच कळते, कारण लाळेने आम्लता उतरल्याशिवाय ती जिभेला जाणवत नाही. तरुण बाटलीत ती असेल तर काही महिने ठेवून पाहा, पुष्कळदा निवळते.

ओकचा तुरटपणा कोऱ्या चहाइतका ठीक. नुसतं लाकूड आणि व्हॅनिलाच लागत असेल, तर ती जास्त मुरली आहे किंवा पिंप फार नवं होतं.