यंत्राची चार पानं काढून टाक

प्रिय मुली,

तुझी कथा दोनदा वाचली. भूतकाळात नेणारं यंत्र कसं चालतं हे सांगण्यात चार पानं गेली आहेत आणि जिच्यासाठी नायिका मागे जाते त्या आजीच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आलाय. वर तूच विचारतेस, "माझं फिजिक्स कच्चं आहे, मी विज्ञानकथेच्या वाटेला जाऊ की नको?" उत्तर देते, पण आधी तुला ऑक्टेव्हिया बटलर ही अमेरिकन विज्ञानकथालेखिका वाचायला लावणार आहे. सुरुवात 'किंड्रेड' या कादंबरीपासून कर. ती 1979 साली आली.

डेना ही कृष्णवर्णीय लेखिका. 1976 साली ती आणि तिचा गोरा नवरा केव्हिन कॅलिफोर्नियातल्या नव्या घरात पुस्तकं लावत असतात. तिला गरगरतं आणि ती थेट एका नदीकाठी येऊन पडते. समोर एक गोरा मुलगा बुडत असतो, त्याचं नाव रूफस. ती त्याला वाचवते, तर त्याचा बाप तिच्यावरच बंदूक रोखतो. आता मेलोच असं वाटतं, तेवढ्यात ती पुन्हा घरात, चिखलाने माखलेली. जिथे जाऊन आली ते मेरीलँड, गुलामगिरीच्या काळातलं.

हे घडतं कसं? बटलर सांगतच नाही. यात विज्ञान नाही, ही अद्भुतिका आहे, असं तिने मुलाखतीत सरळ सांगून टाकलंय. नियम मात्र दोन आहेत आणि ते कुठेही सैल पडत नाहीत. रूफसच्या जिवावर बेतलं की डेना तिकडे ओढली जाते. स्वतःचा जीव जातोय अशी खात्री पटली की ती परत येते. दुसऱ्या नियमात खरी मेख आहे. चाबकाचे फटके खाऊन आपण मरत नाही हे तिला कळतं, आणि एकदा ते कळलं की परतीची वाट अवघड होऊन बसते. माणूस सोसायला शिकतो, हीच इथे शिक्षा ठरते.

रूफस हा डेनाचा पूर्वज. मोठा होऊन तो गुलामांचा मालक होतो. ॲलिस नावाच्या बाईपासून त्याला हेगर ही मुलगी होणार आणि तिच्यातूनच पुढे डेनाचं घराणं. म्हणजे हेगर जन्मेपर्यंत या माणसाला जिवंत ठेवणं भाग आहे. एका ठिकाणी तो डेनालाच सांगतो, ॲलिसला समजाव, नाहीतर मी मारहाण करून तिला आणीन. ते प्रकरण वाच आणि मग तुझ्या यंत्राची पानं पुन्हा काढून बघ. शेवटच्या खेपेत डेना आपला डावा हात गमावते. तिला धडधाकट परत येऊ देणं मला शक्यच नव्हतं, अशा अर्थाचं बटलरने म्हटलंय.

ही कादंबरी सुचली कुठून, तेही ऐक. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या कॉलेजात बटलरच्या ओळखीचा एक कृष्णवर्णीय तरुण होता, इतिहास वाचलेला. तो म्हणाला, आपल्याला इतकी वर्षं मागे ठेवणाऱ्या या म्हाताऱ्यांना मारून टाकावंसं वाटतं. पण मग सुरुवात माझ्याच आईबापांपासून करावी लागेल. बटलरची आई लोकांच्या घरी कामाला जायची. मागच्या दाराने आत शिरणारी, कानावर येईल ते ऐकून घेणारी आई मुलीने पाहिली होती. त्या गप्प बसण्यावरच आपण जेवलो, हे तिला ठाऊक होतं. त्या तरुणाशी वाद घालण्याऐवजी तिने आजच्या बाईला तिथे नेऊन उभं केलं, किती दिवस ताठ राहतेस बघू म्हणून. नंतर ती बसने मेरीलँडला गेली, गुलामीतून सुटलेल्यांची आत्मकथनं वाचली आणि शेवटी ते वास्तव सौम्य करून लिहिलं. जसंच्या तसं लिहिलं तर कुणी वाचणार नाही, हे तिने ओळखलं होतं. हा व्यवहार तूही शीक. भीषण लिहिता येणं ही काही मोठी गोष्ट नव्हे.

आता तुझ्या फिजिक्सकडे येते. विज्ञान लागतंच, पण ते कुठल्या बाजूने आत येतं ते बघ. दुसऱ्या एका कादंबरीच्या अभ्यासासाठी बटलर पेरूच्या ॲमेझॉन जंगलात जाणार होती. तिथे एक माशी असते, जिची अळी माणसाच्या कातडीखाली वाढते. अळी पिळून काढायला जावं तर तिचा तुकडा आत राहून जखम चिघळण्याची भीती. त्यापेक्षा ती वाढून आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबणं बरं. बटलरला या कल्पनेनेच शिसारी आली. त्यातून 1984 ची 'ब्लडचाइल्ड' ही कथा झाली: परग्रहावर आसरा घेतलेली माणसं आणि त्यांच्या शरीरात अंडी घालणारे तिथले मूळ रहिवासी. यात प्रेम आहे, उपकार आहेत, जबरदस्तीही आहे आणि एक कुठे संपून दुसरं सुरू होतं ते सांगता येत नाही. या कथेला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. जीवशास्त्रातली एक किळसवाणी गोष्ट तिला पुरली, कारण ती तिने स्वतःच्या अंगावर घेतली.

तिचं चरित्र तुला इंटरनेटवर सापडेलच, पण त्यातल्या एका गोष्टीपासून सावध राहा. 1988 साली तिने वहीत लिहून ठेवलं होतं की आपली पुस्तकं खूपविक्यांच्या यादीत येतील. त्या पानाचे फोटो लोक हौसेने फिरवतात. 'पॅरेबल ऑफ द सोअर' त्या यादीत आली खरी, पण 2020 साली. ती 2006 मध्येच गेली होती. मला ते पान नाही, त्याआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. 1970 च्या क्लॅरियन या विज्ञानकथालेखकांच्या कार्यशाळेत दोन कथा खपल्या आणि मग पाच वर्षं फक्त नकार. भांडी घासणं, फोनवरून माल विकणं, बटाट्याचे वेफर्स तपासणं अशी कामं ती करायची आणि पहाटे दोनला उठून लिहायची. प्रतिभेपेक्षा सवयीवर भरवसा ठेवावा, असं तिचं म्हणणं होतं. (दोनला ऊठ असं मी सांगत नाही. तुझी वेळ तू ठरव आणि ती मोडू नकोस.)

'सोअर' 1993 ची आणि सुरू होते 2024 मध्ये: पाण्याचे भाव, आगी, भिंतीआड राहणाऱ्या वस्त्या, महामार्गावरून पायी उत्तरेला निघालेली माणसं. तिने भविष्य सांगितलं म्हणून लोक थक्क होतात. तिचं म्हणणं साधं होतं. आज ज्या प्रश्नांकडे आपण काणाडोळा करतो, त्यांना तीसेक वर्षं वाढू दिलं, इतकंच. त्यातल्या नायिकेने काढलेल्या नव्या धर्माची पद्यं मला जरा कोरडी वाटतात. रस्त्यावरची पानं मात्र अप्रतिम आहेत. बटलर स्वतः गाडी चालवत नसे, लॉस एंजेलिससारख्या शहरात बसने आणि पायी फिरायची. ते त्या पानांत दिसतं.

तेव्हा यंत्राची चारही पानं काढ. नायिका मागे कधी जाते आणि परत कधी येते, हे दोन वाक्यांत लिही आणि ते नियम शेवटपर्यंत पाळ. मग आजीला असं काहीतरी करायला लाव जे नायिकेला अजिबात पटणार नाही, पण ते झालं नाही तर नायिका जन्मालाच येणार नाही. ते लिहिताना फिजिक्स अडलं, तर विचार. मी सांगेन, नाहीतर सांगणारं माणूस शोधून देईन. नवा खर्डा महिनाअखेरीपर्यंत हवा.

'किंड्रेड'नंतर 'ब्लडचाइल्ड', मग 'सोअर', मग तिचीच 'डॉन' ही कादंबरी असा क्रम ठेव. 1976 ची पहिली कादंबरी 'पॅटर्नमास्टर' सावकाश वाचलीस तरी चालेल. 'सर्व्हायव्हर' शोधत बसू नकोस, ती तिला स्वतःलाच इतकी नावडती होती की तिने पुन्हा छापूच दिली नाही.

तुझी,
ताई