तिसऱ्यांदा नीट कशासाठी?

प्रश्न : मुलीने मेडिकलची नीट परीक्षा दोनदा दिली, थोडक्यात हुकली. आता पुन्हा बसायला तयार नाही. बर्फाळ समुद्रात जहाजावरून भूगर्भाचा सर्व्हे करतात, तेच करायचं म्हणते. खलाशाचं काम मुलीला कसं जमेल? तिला समजवा.
– एक वडील, औसा तालुका

उत्तर : तिला नाही, मला तुमच्याशीच बोलायचंय. नीटचे गुण तुम्ही विषयवार लिहिलेत. दोन्ही वेळा फिजिक्स उत्तम, बायोलॉजीनं घात केलेला. बारावीच्या गणितातले 91 मात्र कंसात. क्लासच्या फीसाठी शेत गहाण टाकल्याचं पत्रात दोनदा आलंय. म्हणजे घरात ती ते रोज ऐकत असणार. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर कर्ज ठेवून 'मन लावून अभ्यास कर' म्हणणं अन्याय आहे. तिसऱ्यांदा नीट नको.

आता खलाशाचं. जहाज खलाशी चालवतात. सर्व्हे करतात ते फिजिक्स-गणित शिकलेले लोक. जहाजामागे पाण्यात एअरगन असते. तिच्यातून दाबलेली हवा एकदम सुटली की लहरी समुद्रतळाखालच्या थरांवर आदळून परततात आणि मागे ओढलेल्या केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, त्या टिपतात. 1993 ला किल्लारी हादरली तेव्हाही जमिनीतून लहरीच धावल्या होत्या. या फार लहान आणि माणसानं ठरवून सोडलेल्या. बर्फात केबलच्या टोकाचा बोया, म्हणजे खुणेचा तरंगता गोळा, अडकतो, तुटतो. म्हणून केबल आखूड ठेवून खोलातून ओढतात. पुढे बर्फ फोडणारं जहाज वाट करतं. ती लगेच मिटते, म्हणून सर्व्हेचं जहाज त्याच्या पाठोपाठच राहतं. अमेरिकेचं 'हीली' आणि कॅनडाचं 'लुई सेंट लॉरेंट' यांनी 2008 ते 2011 या काळात आर्क्टिकमध्ये असं जोडीनं काम केलं. देवमासा फार जवळ आला तर एअरगन बंद करावी लागते. त्यावर नजर ठेवायला वेगळी माणसं असतात.

मार्ग सरळ आहे : फिजिक्स-गणित घेऊन बी.एस्सी., मग जॅम ही आयआयटीची प्रवेशपरीक्षा देऊन भूभौतिकशास्त्रात, म्हणजे याच सर्व्हेच्या शास्त्रात, एम.एस्सी. या एम.एस्सी.साठी हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही आहे.

तिलाही एक सांगा. बर्फातलं काम वर्षातून थोडेच महिने चालतं आणि जागा मोजक्या. या क्षेत्रातल्या बहुतेकांचे दिवस कॉम्प्युटरसमोर आकडे चाळण्यात जातात. बोअर घेण्याआधी यंत्र लावून पाणी बघतात, तेही भूभौतिकशास्त्रच. तेही तिला आवडेल का, हे विचारा.

या आठवड्यात तिला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात घेऊन जा. प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही बाहेर बसा.