बाबांची तत्त्वं आणि मशीनचे हप्ते

प्रश्न : मी 33 वर्षांचा, अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, बाबांनी एका लेथवर सुरू केलेलं, आता दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आहेत आणि जॉबवर्क चालतं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देतो. फर्म अजून बाबांच्या एकट्याच्या नावावर, पण दुसऱ्या मशीनच्या लोनला गॅरेंटर म्हणून सही माझी. बाबा सेवादलात वाढलेले. बिनबिलाचं काम नाही, परचेसवाल्याला पाकीट नाही, ते मला मान्यच आहे. पण लॉकडाऊनमध्ये एफडी मोडून सगळ्या कामगारांना पूर्ण पगार दिला, आणि आता सातपूरच्या एका जुन्या मित्राकडे बिलांचे सहा लाख अडकलेत तर म्हणतात तो अडचणीत आहे, देईल. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट संपत आलंय. काही बोललं की "तुला फक्त पैसा दिसतो". आता बोलणं कामापुरतं, बाकी निरोप आईमार्फत. पुण्यात नोकरी मिळतेय. जाऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जाण्याआधी एक करा, लॉकडाऊनचा पगार आणि मित्राची उधारी एका यादीत टाकू नका. पगार हे तत्त्व होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या खिशातून पाळलं (लोकं टिकली असतील तर धंद्यालाही ते फळलंच). मित्राकडे पैसे न मागणं ही नुसती भीड आहे, आणि भीड भिकेची बहीण. शिवाय त्या भिडेचे हप्ते तुमच्या सहीवर चाललेत, तुम्हाला न विचारता. भांडायचं तर एवढ्याच मुद्द्यावर भांडा.

मागायला त्यांना लाज वाटते ना, मग कायद्याचं नाव पुढे करा. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर 2006 च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत, नाहीतर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही बदल झालाय, उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल असं मुदतीबाहेर थकवलं तर पैसे देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. म्हणजे बाबा मित्राला सरळ म्हणू शकतात, अरे तुझाच टॅक्स वाढतोय. खरंच अडचण असेल तर महिन्याचे हप्ते बांधा, पुढच्या तारखांचे चेक घ्या. थकलेल्या बिलांची सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, पण ती शेवटी, आणि बाबांना सांगून, त्यांच्या पाठीमागे केलीत तर उरलंसुरलंही जाईल.

दुसरं, गॅरेंटर तुम्ही आणि फर्ममध्ये तुमचं नावच नाही, हे मला मित्राच्या उधारीपेक्षा गंभीर वाटतं. सीएकडे दोघं बसा. साध्या भागीदारीत फर्मचं देणं तुमच्या घरापर्यंत येतं, म्हणून एलएलपीचंही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) विचारा. 1932 च्या भागीदारी कायद्यात रोजच्या बाबी बहुमताने ठरतात, पण दोघांत कसलं आलंय बहुमत? त्यामुळे करारातच लिहा : उधारी किती दिवसांपर्यंत, त्यापुढे दोघांची सही, कामगारांना उचल आणि मदत बाबांच्या हिश्शातून, त्यात तुम्ही तोंड घालायचं नाही. आणि तुमचा पगार, तो तर आधी लिहा.

पुण्याची ऑफर धमकी म्हणून वापरू नका. जॉइनिंगला महिनाभर मागून घ्या. तेवढ्यात बाबा सीएकडे यायलाच तयार झाले नाहीत तर बँकेत जाऊन गॅरंटीचं काय करता येतं ते बघा आणि खुशाल जा. निरोप मात्र आईमार्फत नको, स्वतः सांगा.