शाळेचा निर्णय नेमका कोणाचा?

नागपूरमधून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे शाळांवरील अधिकारांविषयी आहेत. त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत. पहिल्या पत्रातील अडचण अनेक पालकांची असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी शहरातील महापालिकेच्या शाळेत सहावीत शिकते आणि मी तेथील शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली असून मुली दाराला ओढणी बांधून आत जातात. पाण्याच्या टाकीचा पाइपही गळतो. समितीने ठराव केला. पण मुख्याध्यापक, झोन कार्यालय आणि शिक्षण विभाग या तिघांचेही उत्तर "हा आमचा अधिकार नाही" असेच आहे. मग अधिकार आहे तरी कोणाचा?

उत्तर : शहरात प्राथमिक शाळा चालवणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ती ऐच्छिक सेवा नाही. नागपूरला पूर्वी 1948 चा स्वतंत्र कायदा लागू होता. 2012 पासून मुंबई वगळता राज्यातील इतर महापालिकांप्रमाणेच हा अधिनियम लागू आहे. त्यानुसार धोरण आणि अंदाजपत्रक सभागृह व स्थायी समिती ठरवतात आणि कार्यकारी अधिकार कलम 67 नुसार आयुक्तांकडे असतात. एवढ्या मोठ्या शहराची प्रत्येक नस्ती आयुक्तांनी स्वतः हाताळणे शक्य नसल्यामुळे कलम 69 मध्ये अधिकार खाली सोपवण्याची तरतूद आहे. त्या कलमातील तीन गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात. अधिकार लेखी आदेशानेच सोपवावा लागतो, त्याला अटी आणि मर्यादा घालता येतात, आणि सोपवल्यानंतरही तो आयुक्तांच्या नियंत्रणाखाली राहतो. म्हणजे एखाद्या सहायक आयुक्ताला किंवा शिक्षणाधिकाऱ्याला अमुक रकमेपर्यंतच्या खर्चाची मंजुरी देता येत असेल, तर तसे सांगणारा कागद कार्यालयात असलाच पाहिजे. आणि तसा कागद नसेल, तर तो अधिकार आयुक्तांकडेच आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. कोणाकडेच अधिकार नाही, अशी स्थिती कायद्यात संभवत नाही.

म्हणून आपला पहिला अर्ज दुरुस्तीइतकाच त्या कागदासाठीही असावा. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये आणि निर्णय घेण्याची कार्यपद्धती प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती मिळाली नाही तर 10 रुपये शुल्क भरून "शाळा इमारतींच्या दुरुस्तीसाठी झोन व शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांना दिलेल्या वित्तीय अधिकारांच्या आदेशांच्या प्रती" मागाव्यात. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत शहराचे दहा झोन आहेत. आपल्या झोनमधील अधिकाऱ्याची मर्यादा एकदा आकड्यात कळली की, अर्ज कोणाच्या नावे करायचा हा प्रश्न उरत नाही.

कडीसाठी मात्र इतके थांबण्याची गरज नाही. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार शाळेलाच मिळते. पट 101 ते 250 असेल तर ते वर्षाला 50,000 रुपये असते आणि त्यातील किमान 10 टक्के, म्हणजे 5,000 रुपये, स्वच्छतेसाठी खर्च करायचे असतात. अनुदान खात्यात जमा असेल तर कडी, कोयंडा आणि सुताराची मजुरी यांसाठी वरच्या मंजुरीची वाट पाहू नये. ठरावात काम, अंदाजे रक्कम आणि कोणत्या अनुदानातून खर्च करायचा हे स्पष्ट लिहावे, आणि इतिवृत्तावर उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. टाकी आणि पाइपचे काम मोठे निघाले तर ते झोनच्या अभियंत्यांकडे अंदाजपत्रकासाठी द्यावे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये.

त्यानंतरही काम हलले नाही तर शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 32 नुसार महापालिकेकडे लेखी तक्रार करावी. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हा त्या अधिनियमाच्या अनुसूचीतील निकष आहे, त्यामुळे ही केवळ गैरसोयीची तक्रार ठरत नाही. संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे आणि तो समाधानकारक नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ओढणी बांधलेल्या दाराचे छायाचित्र तारखेसह अर्जाला जोडावे. मोठ्या मुली अशा कारणांनी शाळा चुकवू लागतात आणि ते हजेरीपटावर उशिरा दिसते.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. समितीचा ठराव माझ्यावर बंधनकारक आहे का? अमुक पुरवठादाराकडूनच साहित्य घ्या, असे वरून दूरध्वनीने सांगितले जाते, तेव्हा मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात, आणि आपण तिचे सदस्य सचिव आहात. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 21 ने समितीला शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही कामे दिली आहेत. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या आणि शिस्तभंगाची कारवाई यांचा त्यात समावेश नाही. अशा विषयांवरील ठराव ही शिफारस समजून वर पाठवावी. शाळेच्या खात्यात आलेल्या अनुदानाचा खर्च मात्र समितीला विश्वासात घेऊनच करायचा असतो, त्यामुळे तेथे ठरावाला बाजूला सारणे योग्य नाही.

दूरध्वनीबाबत आमचे मत स्पष्ट आहे. कायद्याने ज्याला निर्णय सोपवला आहे, त्याने तो स्वतः विचार करूनच घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेला निर्णय न्यायालयात टिकत नाही. त्याचप्रमाणे, कायद्याने मुभा दिली नसेल तर सोपवलेला अधिकार पुढे आणखी कोणाला सोपवता येत नाही, म्हणून समितीनेही "सर्व खरेदी अध्यक्ष पाहतील" असे सरसकट ठराव करू नयेत. वरिष्ठांना नम्रपणे लेखी आदेश मागावा. तो आला नाही तर झालेले संभाषण त्याच दिवशी पत्राने कळवून त्याची प्रत दप्तरी ठेवावी. लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यास उत्तर सही करणाऱ्यालाच द्यावे लागते, आणि दूरध्वनी करणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर नसते.

प्रश्न : आमच्या खासगी अनुदानित शाळेतील समितीलाही हेच अधिकार आहेत का?

उत्तर : नाही. शिक्षण हक्क अधिनियमातील 2012 च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील समितीचे कार्य केवळ सल्ला देण्यापुरते ठेवले आहे. विनाअनुदानित शाळांना कलम 21 लागूच नाही आणि अल्पसंख्याक शाळा 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर संपूर्ण अधिनियमाबाहेर आहेत. अनुदानित शाळेत शिक्षक नेमण्याचा अधिकार संस्थेचा असतो, त्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, आणि सेवेविषयीचे वाद खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977 च्या सेवाशर्ती अधिनियमानुसार शाळा न्यायाधिकरणाकडे जातात. नगरसेवकांना त्यात निर्णयाचा अधिकार नाही.

प्रश्न : पट कमी म्हणून आमच्या वस्तीतील महापालिकेची मराठी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होणार असल्याचे ऐकतो. पालकांची संमती लागत नाही का? आणि नगरसेवक नसताना असा निर्णय होऊ शकतो का?

उत्तर : समितीची संमती ही कायद्यातील अट नाही, हे खेदाने सांगावे लागते. समितीला शाळेच्या आराखड्याची शिफारस करता येते, पण शाळा राहणार की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला दिलेला नाही. आमच्या मते हा कायद्यातील मोठा उणेपणा आहे, कारण ज्या पालकांवर शाळेच्या देखरेखीची जबाबदारी टाकली, त्यांचे म्हणणे शेवटच्या निर्णयात ऐकले जाईल याची हमी दिलेली नाही.

दुसऱ्या भागाविषयी : मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर नागपूरचा कारभार प्रशासकांकडे गेला. अशा काळात सभागृह आणि समित्यांचे अधिकारही प्रशासकच वापरतात, त्यामुळे निर्णय होऊ शकतो; मात्र तो उघड चर्चेविना होतो. शाळा व्यवस्थापन समित्या अशा काळातही कायम असतात, आणि तेव्हा पालकांचा लेखी आवाज त्यांच्याच ठरावातून उमटतो.

आपल्या हाती असलेला भक्कम मुद्दा अंतराचा आहे. शिक्षण हक्क अधिनियमाखालील राज्याच्या 2011 च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध असली पाहिजे, आणि ती उपलब्ध ठेवण्याचे कर्तव्य त्या अधिनियमाच्या कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे येथे महापालिकेवर, टाकले आहे. पट कमी झाला म्हणून ते कर्तव्य संपत नाही. विलीनीकरणानंतर प्रत्येक मुलाला किती चालावे लागेल आणि वाटेत रेल्वे फाटक, नाला किंवा रिंग रोड ओलांडावा लागेल का, याची घरनिहाय यादी समितीने करावी. बांधकामावर काम करणाऱ्या आणि वर्षातून ठिकाण बदलणाऱ्या कुटुंबांची मुले त्यात आवर्जून नोंदवावीत, कारण स्थलांतरित मुलांचे प्रवेश हेही त्याच कलमातील कर्तव्य आहे. ही यादी ठरावासोबत आयुक्तांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, आणि निर्णय होण्यापूर्वी सुनावणीची मागणी त्याच पत्रात करावी.