कॅनडात दोघांचं मिळून उत्पन्न 60,000 डॉलर, मुलं 4 आणि 8 वर्षांची. चाइल्ड बेनिफिट अंदाजे किती मिळेल?

महिन्याला साधारण 975 डॉलर, आणि त्यावर कर नाही.

हा हिशेब जुलै 2025 ते जून 2026 या वर्षाचा, म्हणून उत्पन्न 2024 चं धरायचं. सहा वर्षांखालच्या मुलाला जास्तीत जास्त 7,997 डॉलर, 6 ते 17 वयाच्या मुलाला 6,748, एकूण 14,745. उत्पन्न 37,487 च्या वर गेलं की कपात सुरू होते. दोन मुलं असतील तर त्यावरच्या उत्पन्नाच्या 13.5 टक्के. तुमच्या बाबतीत 22,513 वर सुमारे 3,039 डॉलर कापले जातील, उरतील 11,706. (81,222 च्या पुढे कपातीचा दर बराच कमी होतो.)

इथे पगाराचा एकूण आकडा धरू नका. रिटर्नमधल्या 23600 या ओळीवरचं निव्वळ उत्पन्न लागतं, दोघांचं मिळून. त्यामुळे आरआरएसपीत (निवृत्तीसाठीच्या बचत योजनेत) भरलेल्या 5,000 डॉलरची वजावट घेतलीत, तर कर वाचतोच, शिवाय पुढच्या वर्षीचा बेनिफिट सुमारे 675 डॉलरने वाढतो. हे फार कमी जण लक्षात घेतात.

आणि कृपा करून दोघांनीही वेळेत रिटर्न भरा, एकाची कमाई शून्य असली तरी. नाहीतर जुलैपासून पैसे थांबतात.