वाचकांचे प्रश्न : गाठी, तूर आणि पऱ्हाटी

प्रश्न : एकरभर सोयाबीनच्या बियाण्याला कोमट गुळपाण्यात रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून झाडाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू) कालवून लावलं, बुरशीनाशकही त्यातच टाकलं. पेरताना डीएपी खताची एक बॅग, महिन्याने युरियाची एक. पीक हिरवंगार आहे, पण उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी नाहीत. पाकीट बोगस होतं का? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : आधी खताचा हिशोब बघा. 50 किलो डीएपीत 9 किलो नत्र, 45 किलो युरियात जवळपास 21. म्हणजे एकरी 30 किलो झालं; सोयाबीनला 12 किलोच्या आसपास पुरे. मुळाशी आयतं नत्र असलं की झाड जिवाणूंना पोसत नाही. तुमचा हिरवेपणा युरियाचा आहे.

दुसरी चूक बीजप्रक्रियेत. बुरशीनाशक आधी लावायचं, बियाणं सावलीत सुकवायचं, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशीच. 30 किलो बियाण्याला पाऊण किलो पावडर लागते. अर्ध्या लिटर पाण्यात 100 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. कोमट पाण्यातही जिवाणू मरू शकतात. पाणी वाढवू नका. सोयाबीनचं साल पातळ, जास्त भिजलं की सुटतं आणि उगवण जाते. ताडपत्रीवर हलक्या हाताने चोळा, सावलीत अर्धा तास ठेवा, पेरा. पाकिटावरची मुदत पाहाच, आणि दुकानदाराने ते उन्हात मांडलेलं असेल तर घेऊ नका.

तिसरं, उपटून पाहू नका. काळ्या मातीत गाठी तुटून जमिनीतच राहतात. पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी कुदळीने ढेकळासकट झाड काढा, बादलीत भिजवा, माती आपोआप सुटू द्या. मग गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. पांढरी असेल तर नाही, हिरवी किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. पाणी साचणाऱ्या वावरात हवेअभावी गाठी नीट धरत नाहीत. तिथे रुंद वरंबा-सरीवर पेरा.

प्रश्न : आंतरपीक तुरीला सोयाबीनचंच पाकीट चालेल का? (हिंगणा)

उत्तर : नाही. दोघांचे जिवाणू वेगळे. पाकिटावर तुरीचं नाव बघून घ्या.

प्रश्न : पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं) बारीक करून वावरात गाडली. त्यावरची ज्वारी पिवळी पडली. (काटोल)

उत्तर : पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र कमी. ती कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःच ओढून घेतात, मग ज्वारी उपाशी. म्हणून आधी ढिगात कुजवा. शेवटची वेचणी झाली की लगेच श्रेडरने बोटभर तुकडे करा. अख्खी पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते. टनामागे 8 किलो युरिया (सोयाबीनचा वाचवलेला इथे वापरा), 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कंपोस्ट जिवाणू शेणकाल्यात कालवून थराथराने शिंपडा. महिन्यातून एकदा ढीग पालटा. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी शिंपडल्यावर तो वरून ओला दिसला तरी आतून कोरडा असू शकतो, म्हणून हात आत घालूनच ओल पाहा : मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी निथळू नये.